जुन्या करवतीचें मोल

घरांतील एखादी जुनी वस्तु विकावयाची निघाली म्हणजे दोन प्रकारचे सल्लागार न बोलावतां दारीं येतात. एकाचें म्हणणें, “हल्लीं असा माल मिळतो कोठें? पडत्या भावानें मुळींच देऊं नका.” दुसऱ्याचें म्हणणें, “जागा अडली आहे ना? मग मोडींत गेली तरी सुटलों म्हणा.” पितळेचा बंब किंवा शिसवी पलंग असला तर या दोन टोंकांच्या मध्यें कोठेंही सौदा पटला तरी कोणाचें फारसें बिघडत नाहीं. विजेवर चालणाऱ्या सुतारी करवतीची गोष्ट निराळी आहे. ती जुनी घेणारा मनुष्य बहुधा तिच्यावरच पोट भरणारा असतो. विकणारें घर पुष्कळदां कर्त्या माणसाच्या मागें राहिलेलें असतें. आणि वस्तु अशी कीं, तींत एखादें वैगुण्य लपून राहिलें तर त्याची किंमत बोटांनीं द्यावी लागते. म्हणून अशा करवतीचें वाजवी मोल कसें ठरवावें याचा थोडा सविस्तर विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जन्मभर मुलांकडून शब्दरूपें घोटून घेणाऱ्या पंतोजीनें करवतींच्या बाजारांत कां शिरावें, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, हा विषय संस्कृतास परका नाहीं. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमारास रचिलेल्या लीलावतींत ‘क्रकचव्यवहार’ नांवाचें स्वतंत्र प्रकरण आहे. क्रकच म्हणजे करवत. लांकडाची जाडी, लांबी व छेदांची संख्या दिली असतां करवतकाम किती हात झालें याचें गणित त्यांत आहे. पण आम्हांस तेथील एक गणिताबाहेरचें वाक्य अधिक मोलाचें वाटतें. विटांच्या व दगडांच्या राशी, खोदकाम आणि करवतकाम यांचें मोल कारागिरांशीं होणाऱ्या ठरावावरून व वस्तूच्या मऊ-कठीणपणावरून ठरतें, असें आचार्य सांगतात. जगाचा हिशेब करणाऱ्या या पुरुषानें मोलाचा प्रश्न येतांच सूत्र बाजूला ठेवून माणसांकडे व लांकडाकडे बोट दाखविलें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

त्याच ग्रंथांत व्यस्त त्रैराशिकाचें एक उदाहरण आहे. दोन धुरा वाहिलेल्या बैलाला ४ निष्क पडतात, तर सहा धुरा वाहिलेल्यास किती? उत्तर, १ निष्क आणि एक तृतीयांश. सजीवांचें वय वाढेल त्या प्रमाणांत मोल उतरतें, हा तेथील नियम. वर्गांत हें उदाहरण सुटलें कीं मुलें तो नियम लगेच सायकलीला आणि घड्याळाला लावूं पाहत. मोठीं माणसें करवतीला लावतात. दोन वर्षांची करवत ४०,००० रुपयांस जात असेल तर सोळा वर्षांची ५,००० रुपयांस, असा तो हिशेब. परंतु नियमांतील ‘सजीव’ हा शब्द उगाच घातलेला नाहीं. बैल सगळा एकदम म्हातारा होतो. त्याचे पाय सहा वर्षांचे व खांदा दोन वर्षांचा असें कधीं होत नाहीं. यंत्राचें मात्र नेमकें तसेंच होतें. करवतीचें जाड बिडाचें टेबल पडलें-तडकलें नसेल तर पन्नास वर्षांनींही सपाट असतें. पात्याच्या दांड्याचीं बेअरिंगें त्या मानानें अल्पायुषी. पट्टा त्याहूनही अल्पायुषी. आणि पात्याचे दात तर कांहीं दिवसांच्या कामांतच धार सोडतात. म्हणजे एकाच करवतींत बालक, तरुण आणि जख्ख म्हातारा असे तिघे एकत्र नांदत असतात. त्या सर्वांचें मिळून एक वय सांगणें आणि त्यावरून किंमत काढणें निरर्थक आहे. अमेरिकेंत मिलवॉकी येथील डेल्टा कंपनीनें १९३९ सालीं ‘युनिसॉ’ नांवाची टेबलाची करवत बाजारांत आणली. त्या जातीच्या जुन्या करवती आठ दशकें उलटल्यावरही तिकडे विकल्या जातात, व घेणारे त्या दुरुस्त करून कामाला लावतात. उलट ब्रशच्या मोटारीवर चालणारी, हलक्या पत्र्याची, उचलून नेतां येण्याजोगी लहान करवत पांच वर्षांतच मोडकळीस आलेली आम्हीं पाहिली आहे.

२०२५ सालीं हा प्रश्न आमच्यापुढें प्रत्यक्षच येऊन उभा राहिला. आमचे एक चुलत बंधु, ज्यांना सारें घराणें अण्णा म्हणे, नोकरीतून मोकळे झाल्यावर वाड्याच्या मागील पडवींत सुतारकाम करीत. त्यांनीं २००९ सालीं ३८,००० रुपयांस एक करवत घेतली होती. बारा इंची पातें, बिडाचें टेबल, दोन अश्वशक्तीची तीन-फेजची मोटार, आणि मोटारीपासून पात्यापर्यंत पट्टा. अण्णा निवर्तल्यावर वर्षभर ती गोणपाटाखालीं झांकून पडली होती. ती मागावयास आला तो त्यांच्याच हाताखालीं पांच वर्षें काम शिकलेला एक तरुण सुतार. आतां त्यानें गांवाबाहेर भाड्याची शेड घेतली आहे. वहिनींनीं किंमत ठरविण्याचें आमच्यावर सोंपविलें. त्या म्हणाल्या, “भावोजी, तुम्ही म्हणाल तो आंकडा मला मान्य. पण उद्यां बाजारांत त्याची आई भेटली तर तिनें मान फिरवून जाऊं नये, आणि घरांत माझ्या सुनांनींही म्हणूं नये कीं सासूबाईंनीं मामंजींची करवत वाटून टाकली.”

एकत्र कुटुंबांत असा प्रश्न निघाला कीं मतांना तोटा नसतो. पुण्यास हिशेबनीस असलेल्या पुतण्यानें कागदावर आंकडा मांडला: २,८२२ रुपये. त्याचें गणित बरोबर होतें. आयकराच्या हिशेबांत अशा यंत्राची घट दरसाल उरलेल्या किंमतीच्या १५ टक्के धरतात. तसें सोळा वेळां केलें म्हणजे ३८,००० चे एवढेच उरतात. परंतु ही घट कर मोजण्याकरितां ठरविलेली आहे. वहीला करवत दिसत नाहीं. मोटार जळालेली असो वा ठणठणीत असो, वहींतील आंकडा तोच. इकडे जांवईबापूंनीं मोबाइलवर तशाच करवतीची एक जाहिरात दाखविली. तींत ४५,००० मागितले होते. आम्हीं विचारलें, ही जाहिरात केव्हांची? तर तीन महिन्यांपूर्वींची. म्हणजे त्या किंमतीला ती करवत तीन महिने गेलेली नाहीं, एवढेंच काय तें त्या जाहिरातीवरून सिद्ध होत होतें. मागितलेली किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते. पटलेली किंमत निराळी, आणि ती जाहिरातींत कोणी छापीत नाहीं.

आमच्या मतें आरंभ कोठून करावा, तर घेणाऱ्याजवळ दुसरा मार्ग कोणता आहे येथून. ही करवत त्यानें घेतली नाहीं तर तेवढेंच काम देणारी नवी करवत त्याला आज, त्याच्या दारांत, किती रुपयांस पडेल? २००९ ची किंमत येथें उपयोगाची नाहीं, कारण तेव्हांचा रुपया आतां राहिलेला नाहीं. पुतण्याला ही गोष्ट पटण्यास वेळ लागला. “काका, ३८ हजारांची वस्तु सोळा वर्षें वापरून तुम्ही जवळजवळ तेवढ्यालाच विकणार?” असें तो पुनःपुन्हां म्हणे. आम्हीं त्याला २००९ सालचा त्याचा स्वतःचा पगार आठवावयास सांगितलें.

दोन दुकानदारांकडे चौकशी केली. तशा जातीची नवी करवत, करासह व पोंचवणुकीसह, ६२,००० रुपयांस पडत होती. येथें एक बारकावा आहे. कर धरावा कीं वगळावा, हें घेणाऱ्यावर अवलंबून असतें. नोंदणी झालेला कारखानदार नव्या यंत्रावर भरलेला जी.एस.टी. आपल्या देण्यांतून वळता करून घेऊं शकतो. त्याच्या दृष्टीनें नव्याची खरी किंमत कर वगळून उरेल ती. आमचा तरुण सुतार नोंदणीकृत नव्हता, तेव्हां भरलेला कर त्याला परत मिळण्याजोगा नव्हता. म्हणून त्याच्यापुरती ६२,००० हीच तुलनेची किंमत आम्हीं धरिली.

मग प्रश्न येतो, निर्दोष पण जुनी असेल तर नव्यापेक्षां किती कमी? नव्या यंत्राबरोबर दुकानदाराची हमी येते, त्याचे सुटे भाग मिळण्याची खात्री येते, आणि न दिसणारी झीज त्याला नसते. जुन्यांत या तिन्ही गोष्टी नाहींत. आम्हीं त्याबद्दल एक तृतीयांश वजा केले व ४१,००० ही गोळाबेरीज धरिली. हा तिसरा हिस्सा कोणत्याही ग्रंथांत सांगितलेला नाहीं. करवत हलक्या बांधणीची असती तर आम्हीं अर्धे वजा केले असते. बिडाचें टेबल, पट्ट्याची चाल आणि ब्रश नसलेली मोटार, हीं तीन लक्षणें असलेल्या यंत्राचें आयुष्य दीर्घ असतें, म्हणून तिसऱ्या हिश्शावर थांबलों.

एवढें झालें घरांत बसून. पुढचें काम पडवींत. यासाठीं आम्हीं एका वृद्ध फिटरास बरोबर घेतलें, कारण पंतोजीच्या कानाला बेअरिंगाची भाषा कळत नाहीं. प्रथम त्यानें वीज तोडविली व पट्टा उतरविला. पातें हातानें फिरवून तो कान लावून ऐकत राहिला. चांगलें बेअरिंग मुकाट्यानें फिरतें. झिजलेलें, वाळू दळल्यासारखें घरघरतें. एका बाजूचें घरघरत होतें. मग दांडा दोन्ही हातांनीं धरून वर-खालीं हलवून पाहिला, खेळ नव्हता. टेबलावर पोलादी सरळपट्टी उभी धरून तिच्या खालून उजेड दिसतो कीं काय तें पाहिलें. पुढें त्यानें जें केलें तें आम्हांस फार आवडलें. पात्याच्या एका दातावर खडूची खूण केली, तो दात पुढें आणून टेबलांतील खांचेपासून त्याचें अंतर मोजलें, आणि मग तोच दात मागें नेऊन पुन्हां मोजलें. दोन्ही अंतरें सारखीं आलीं, म्हणजे पातें खांचेला समांतर आहे. निरनिराळे दात मोजले तर पात्यांतला वांक आणि बैठकींतला वांक यांची गल्लत होते, म्हणून तोच दात. भूमितीचा तास घेणाऱ्या कोणाही शिक्षकानें हें उदाहरण फळ्यावर मांडावें.

टेबलावर तांबूस गंज चढला होता, आणि घरांतील मंडळींना सर्वांत भय त्याचेंच वाटत होतें. फिटरानें रॉकेल व पॉलिशकागद घेऊन वीतभर जागा घांसून दाखविली. खालचें बीड लखलखीत निघालें. वरवरच्या गंजाचे पैसे वजा करण्याचें कारण नाहीं. बीड तडकलेलें असतें तर गोष्ट निराळी, कारण तें घरगुती डागडुजीनें सांधत नाहीं. आम्हीं हें मुद्दाम सांगतों, कारण खरेदीदार गंजाकडे बोट दाखवून पांच हजार तोडतात आणि विकणारे नवा रंग देऊन तेवढेच वाढवितात. दोघांचेंही लक्ष बेअरिंगाकडे नसतें.

बेअरिंगांची जोडी व मजुरी १,८००, नवा पट्टा ३००, पात्याला धार ७००, असे मिळून २,८०० रुपये झाले. नव्या करवतीच्या ६२,००० मध्यें पोंचवणूक होती, तेव्हां जुनीच्या वाहतुकीचे २,२०० हेही त्यांतून जावयास पाहिजेत. ४१,००० मधून हे ५,००० गेले आणि ३६,००० राहिले.

मोटारीपाशीं मात्र वाद अडला. अण्णांच्या पडवींत तीन-फेजची जोडणी होती. तरुणाच्या शेडींत एकच फेज, २३० व्होल्टांची. तीन-फेजची मोटार तेथें तशीच चालणार नाहीं. एक तर नवी जोडणी घ्यावी, नाहीं तर मोटार बदलावी. तो म्हणाला, “गुरुजी, मोटार बदलायला मला दहा-बारा हजार लागतील. ते किंमतींत धराल ना?” त्याची अडचण खरी होती. तरीही ते पैसे वजा करणें आम्हांस वाजवी वाटलें नाहीं. बेअरिंग झिजलें हा करवतीचा दोष आहे. शेडींत एक फेज आहे हा शेडीचा गुण आहे. दार अरुंद म्हणून कपाटाचें मोल कोणी उतरवीत नाहीं. मात्र गांवांत तीन-फेजवाला गिऱ्हाईकच नसता, आणि येणारा प्रत्येक जण हीच अडचण सांगत असता, तर तें त्या गांवापुरतें करवतीचेंच वैगुण्य झालें असतें आणि आम्हीं निदान अर्धा खर्च सोडला असता. येथें तशी स्थिति नव्हती. औद्योगिक वसाहतींत तीन-फेजवाल्या शेडी कितीतरी आहेत. शिवाय निघालेली मोटार सुस्थितींत होती, म्हणजे ती विकून त्याचा भार हलका होणार होता. हें सर्व आम्हीं त्याला वहिनींच्या देखत सांगितलें. तो थोडा हिरमुसला, पण रुसला नाहीं.

आतां जी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती. करवतीच्या पात्यावर झांकण नव्हतें, आणि पात्याच्या पाठीमागें लांकडाची फाट उघडी ठेवणारी पोलादी पट्टीही नव्हती. दोन्ही मूळचीं होतीं. अण्णांनीं कधीं तरी अडचण होते म्हणून काढून ठेवलीं, आणि तीं हरवलीं. असें पुष्कळ कारखान्यांत होतें. ज्यांना या यंत्राचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों. बारा इंची पातें मिनिटाला ३,००० फेरे घेऊं लागलें म्हणजे त्याच्या दातांची गति ताशीं सुमारें १७० किलोमीटर होते. लांकूड चिरतांना त्यांतील ताण सुटून फाट मिटूं लागते. ती पात्याच्या मागच्या, वर चढत असलेल्या दातांना चिमटा घेते, आणि तोच फळा उचलला जाऊन चालविणाऱ्याच्या अंगावर येतो. फळ्यावर दाबून धरलेला हात त्या क्षणीं आधार गमावतो व पात्यावर जातो. मागची पट्टी असते ती ही फाट मिटूं नये म्हणून. अमेरिकेंत २००४ पासून हाताचा स्पर्श होतांच पांच सहस्रांश सेकंदांत थांबणाऱ्या करवतीही विकल्या जात आहेत. आमच्याकडच्या सामान्य सुताराचा भरंवसा अजून या पट्टीवर आणि झांकणावरच.

हीं दोन्ही वेल्डराकडून बनवून घेण्यास २,५०० रुपये लागणार होते. पुतण्याचें म्हणणें, तेवढे किंमतींतून कमी करा आणि त्याला बनवून घेऊं द्या. हिशेबानें हें सरळ दिसतें, व बहुतेक ठिकाणीं असेंच करितात. आम्हीं त्यास संमति दिली नाहीं. बेअरिंगाचे पैसे वजा केले तर घेणारा बेअरिंग बसवितोच, कारण त्याशिवाय काम नीट होत नाहीं. झांकणावांचून मात्र काम होतें. किंबहुना थोडें भरभर होतें. म्हणून झांकणाबद्दल सोडलेले अडीच हजार शेडीच्या भाड्यांत जातात किंवा मुलाच्या फीमध्यें जातात, आणि झांकण पुढच्या दिवाळीपर्यंत राहतें. वजा केलेल्या पैशानें हात वांचत नाहीं. यासाठीं विकणाऱ्यानें तीं आधीं बसवावीं आणि मगच करवत दारांतून बाहेर जाऊं द्यावी, असा आमचा आग्रह होता. खर्च वहिनींनीं सोसला व किंमत ३६,००० हीच राहिली.

हा आग्रह म्हाताऱ्याचा विक्षिप्तपणा आहे असें ज्यांना वाटत असेल त्यांनीं अमेरिकेंतील एक हकीकत लक्षांत घ्यावी. वरच्या आडव्या दांड्यावर सरकत येणारी एक प्रकारची करवत तिकडे घरोघरीं असे. तिची मूळ कल्पना रेमंड डी वॉल्ट यांची, १९२० नंतरच्या दशकांतली. त्या जातीच्या ‘क्राफ्ट्समन’ छापाच्या करवती एमर्सन नांवाच्या कंपनीनें १९५८ पासून १९९२ पर्यंत लाखोंनीं बनविल्या. त्यांच्या पात्याचें झांकण अपुरें असल्यानें अपघात होत गेले. शेवटीं २००० सालीं तेथील ग्राहकसुरक्षा आयोगाबरोबर कंपनीला सुमारें ३७ लाख करवतींबद्दल जाहीर सूचना काढावी लागली. ज्यांना नवें झांकण बसूं शकत होतें त्यांना तें फुकट. ज्यांना बसत नव्हतें त्यांच्या मालकांनीं मोटारीचा भाग परत पाठवावा व १०० डॉलर घ्यावे. म्हणजे कित्येक करवती चालू स्थितींत असतांना त्यांच्या बनविणारानेंच त्या विकत घेऊन निकालांत काढल्या. मोटार चांगली, बीड चांगलें, फक्त झांकण नाहीं. आणि तेवढ्यानें मोल १०० डॉलरांवर आलें.

दोष सांगावा कीं घेणाऱ्यानें शोधून काढावा, हाही प्रश्न निघालाच. जांवईबापूंचें मत असें कीं, विचारलें तर सांगावें, नाहीं तर कायद्यानें आपण मोकळे. कायदा त्यांच्या बाजूनें बराच आहे. १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणें, कांहीं ठरीव अपवाद सोडले तर, मालाच्या गुणाबद्दल विकणाऱ्याची गर्भित हमी नसते. १८७२ च्या करार कायद्याच्या १७ व्या कलमांतही, केवळ गप्प बसणें म्हणजे कपट नव्हे, असें म्हटलेलें आहे. पण त्याच कलमाखालीं घोड्याचीं उदाहरणें दिलीं आहेत, तीं घरोघरीं वाचलीं जावींत अशीं आहेत. लिलांवांत घोडा विकणारा त्याचा दोष जाणून गप्प बसला तर तें कपट नव्हे. मात्र घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळेंच दोष सांगणें त्याचें कर्तव्य ठरतें. आणि घेणारा जर म्हणाला, “तुम्ही नाहीं म्हणालां नाहींत तर घोडा निर्दोष आहे असें मी समजेन,” तर त्यानंतरचें मौन बोलण्यासारखेंच धरिलें जातें. आम्हीं जांवईबापूंना एवढेंच विचारलें कीं, ज्या मुलानें पांच वर्षें या घरीं दुपारचें जेवण घेतलें, तो लिलांवांतला तिऱ्हाईत म्हणावा कीं दुसऱ्या उदाहरणांतला? कायदा त्याला मुलगा म्हणणार नाहीं हें आम्हांस ठाऊक आहे. वहिनी म्हणत होत्या, आणि सौदा त्यांचा होता.

तेव्हां फिटरानें काढलेले सर्व दोष कागदावर लिहून त्याच्या हातीं दिले. त्यांत एक असा होता जो त्याला एरवीं दिसला नसता. २०१९ च्या पावसाळ्यांत पडवींत पाणी शिरून मोटार भिजली होती, व अण्णांनीं ती पुन्हां गुंडाळून घेतली होती. त्यानंतर ती बिनतक्रार चालली. तरीही तें लिहिलें.

याज्ञवल्क्यस्मृतींत विकत घेतलेल्या वस्तूची परीक्षा करण्यासाठीं वेगवेगळी मुदत सांगितलेली आहे: बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक दिवस, ओझें वाहणाऱ्या जनावराला पांच, रत्नाला सात, दुभत्याला तीन. करवत लोखंडांत मोडते असें धरून आम्हीं तिला एक दिवस दिला. नवीं बेअरिंगें बसल्यावर पैशाची बोलणी कायम होण्यापूर्वीं तरुणानें सकाळीं आठापासून दिवे लागेपर्यंत पडवींतच तिच्यावर आपलें काम करावें. ही सवड फार उपयोगी आहे. पांच मिनिटें रिकामी फिरवून दाखविलेली करवत कोणतीही चांगलीच वाटते. अर्धा तास बाभळीची जाड फळी चिरली म्हणजे मोटारीचा ताप कळतो, पट्टा घसरतो कीं काय तें कळतें, गाईड सरळ राहतें कीं हळूहळू सरकतें तें कळतें. त्या दिवशीं गाईडाची पकड ढिली निघाली. एक चावी घट्ट केल्यानें काम भागलें. त्याबद्दल कोणीं कांहीं मागितलें नाहीं.

संध्याकाळीं आम्हीं दोघांनाही एक एक प्रश्न विचारला. वहिनींना विचारलें, ही करवत दुसऱ्याची असती आणि तुमच्या मुलाला घ्यावयाची असती, तर तुम्हीं ३६,००० दिले असते का? तरुणाला विचारलें, ती तुझी असती तर तेवढ्याला सोडली असतीस का? वहिनी लगेच हो म्हणाल्या. तो बराच वेळ पात्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, मी अडतीस मागितले असते, आणि छत्तीसला दिली असती.” यापेक्षां चांगलें प्रमाणपत्र आम्हांस नको होतें.

त्याच्याजवळ रोख १२,००० होते. उरलेले २४,००० दरमहा २,००० प्रमाणें बारा हप्त्यांनीं द्यावयाचे ठरले. व्याज धरावें असें एकानें सुचविलें. वहिनींनीं नको म्हटलें, आणि हा त्यांचा उदारपणा आहे, किंमतीचा भाग नव्हे, असें आम्हीं सर्वांसमक्ष बोलून दाखविलें. सवलत व किंमत यांची भेसळ झाली कीं पुढें दोन्हींबद्दल कुरबुर होते. हीच गोष्ट पात्यांची. अण्णांचीं आणखी चार पातीं भिंतीला टांगलेलीं होतीं; त्यांतील दोन कारबाईडच्या दातांचीं. तीं करवतीच्या किंमतींत न मिसळतां वेगळीं मोजलीं. तरुणानें एक घेतलें, तीन राहिलीं.

पावती दोन प्रतींत केली. तींत मोटारीच्या पट्टीवरचा क्रमांक, अश्वशक्ति, पात्याचा व्यास, सांगितलेले दोष, बसविलेलें झांकण व मागची पट्टी, परीक्षेचा दिवस, आणि हप्त्यांच्या तारखा, एवढें सर्व लिहिलें. खालीं दोघांच्या सह्या. साक्षीला फिटर व आम्ही. आठवड्यानें टेंपो येऊन करवत घेऊन गेला. टेबल वेगळें, सांगाडा वेगळा, बिडाखालीं गोणपाटाच्या घड्या. तरुणानें अखेर मोटारच बदलली, आणि काढलेली तीन-फेजची मोटार शेजारच्या गांवच्या एका पिठाच्या गिरणीवाल्यानें ४,००० रुपयांस नेली. ती पावसांत भिजलेली होती, हें त्यानें गिरणीवाल्यास आधीं सांगितलें.